कुणी न बसलेलं बाक

मुलुंड पूर्वेला स्नेहांकुर सोसायटीच्या कुंपणाबाहेर एक तिरकी जागा आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा सोसायटीची भिंत मागे सरकवली गेली, ती सरकवणाऱ्यांच्या उत्साहाने जरा जास्तच मागे गेली, आणि भिंत नि फुटपाथ यांच्या मधे समोशाच्या आकाराचा एक तुकडा उरला. हा तुकडा कुणाचा यावर कधीही भांडण झालं नाही. सोसायटी म्हणायची तो पालिकेचा, पालिका म्हणायची सोसायटीचा, आणि दोन्ही बाजूंच्या या मनाच्या मोठेपणामुळे तिथे सुखाने कचरा साचत होता. फुटकी वॉशबेसिनं, मखराचे थर्माकोल, आणि अमेरिकेला गेलेल्या कुणा सभासदाची चाकं नसलेली स्कूटर. कचरा होता तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. त्या जागेत एक बाक करावं असं मार्तंडराव सबनीसांच्या मनात आलं, आणि तिथून पुढे बिचाऱ्यांना महिनाभर धड जेवण गेलं नाही.

मार्तंडराव हे उगाच समाजसेवा करणाऱ्यांतले नव्हेत. बाकाचं कारण त्यांच्या घरात होतं. रेवतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने बजावून सांगितलं की रोज संध्याकाळी खाली उतरायचं, भिंतीच्या टोकापर्यंत चालायचं, तिथे थोडा वेळ टेकायचं आणि परत यायचं. चालायला रेवतीबाईंची ना नव्हती. प्रश्न टेकण्याचा होता. पहिल्या दिवशी त्या वॉचमनच्या खुर्चीवर टेकल्या, तर वॉचमन त्या बसून असेपर्यंत शेजारी ताठ उभा राहिला आणि येणाजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला की, मॅडमला बरं वाटत नाहीये. दुसऱ्या दिवशी मार्तंडरावांनी घरातली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मागून चालायची तयारी दाखवली. त्यावर रेवतीबाई म्हणाल्या, मी पुढे, तुम्ही मागे खुर्ची घेऊन, म्हणजे बॅन्ड तेवढा बोलवायचा राहिला. तिसऱ्या दिवसापासून त्या खाली उतरेनाशा झाल्या.

घरातच फेऱ्या मारते, असं त्या म्हणायच्या. फेऱ्या म्हणजे स्वयंपाकघर ते गॅलरी. मग गॅलरीत नुसत्या उभ्या राहायच्या. पूर्वी खालून कुणी हाक मारली की बायकांची तासभर मैफल व्हायची. आता हाका कमी झाल्या, आणि रेवतीबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. एरवी बायको जरा कमी बोलली तर बरं, असं म्हणणारे मार्तंडराव या शांततेने घाबरले. ही अशीच गॅलरीत उभी राहून म्हातारी होईल, अशी भीती त्यांना पहाटे पहाटे वाटायची. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्यांनी नकाशा काढला.

नकाशा काढणं हा त्यांचा धर्मच. मरोळच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचा सगळा जन्म व्हॉल्व्हचे नकाशे काढण्यात गेला. त्यातले काही व्हॉल्व्ह ट्रॉम्बेला गेले, काही माहुलला, असं ते अभिमानाने सांगत. पण आपण काढलेली एकही वस्तू कुणी वापरताना त्यांनी पाहिली नव्हती. आता बाकाचा नकाशा त्यांनी वरून, समोरून आणि बाजूने असा तिन्ही अंगांनी काढला. दोन बाजूंना झाडं, मधे बसायची जागा, आणि तिथे बसलेली, नुसत्या गोलाने नि रेघेने दाखवलेली एक बाई. ती कोण हे नकाशावर लिहिलेलं नव्हतं. रेवतीबाईंना मात्र यातलं काहीही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या ठरवण्यात आहे.

सोसायटीच्या सभेत विषय निघाला तेव्हा सेक्रेटरी चंद्रप्रकाश नाईक यांनी पहिलीच हरकत अशी घेतली की, बाक केलं की लोक बसतील. बाकाचा हेतू तोच असतो, असं मार्तंडरावांनी नम्रपणे सांगितलं, तर ते वाक्य त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहून घेण्यात आलं. मग कोण कोण बसतील याची चर्चा झाली. रिक्षावाले बसतील, डिलिव्हरीवाले बसतील, पान खाऊन थुंकणारे बसतील, आणि कॉलेजातली जोडपी बसतील. जोडप्यांवर सभा बराच वेळ रेंगाळली. जोडप्यांना कंटाळा यावा म्हणून बाक अरुंद करा, अशी एक सूचना आली. त्याने जोडपी जास्तच जवळ बसतील, असं दुसऱ्याने अनुभवाने सांगितलं. शेवटी सोसायटीची कवडी खर्च होणार नसेल आणि नियमांची पाटी लावली जाणार असेल तर हरकत नाही, असं ठरलं. पाटी बाकाच्या आधी तयार झाली. ती बाकापेक्षा लांब होती.

कवडी खर्च न करता बाक कसं करायचं, याचं उत्तर पाचव्या मजल्यावरच्या रुचिराने दिलं. ही मुलगी बागा आखण्याचं शिक्षण घेऊन आली होती, आणि नवी वीट विकत घेणं हे तिच्या लेखी पाप होतं. काका, सगळं जुन्यातून करायचं, ती म्हणाली. जगभर असंच करतात. लोकांच्या माळ्यावर नुसता खजिना पडलाय. तिने सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन टाकलं की, टाकाऊ पण टिकाऊ वस्तू द्या, त्यातून आपण सुंदर कोपरा घडवू.

दुसऱ्या दिवशी मार्तंडराव खाली उतरले, तर खजिना जिन्यापर्यंत आलेला. प्रेशर कुकर, गिझरच्या टाक्या, फ्लशच्या टाक्या, व्यायामाची सायकल, आवाज गेलेली बाजाची पेटी, आणि संडासाची दोन भांडी, एक देशी आणि एक विदेशी. देणाऱ्यांची नावं सांगत नाही, कारण प्रत्येकाने आपली वस्तू अंधार पडल्यावर आणून ठेवली होती. मात्र ठेवली तरी तिच्यावरची मालकी कुणी सोडली नव्हती. सेक्रेटरींच्या माधुरीवहिनींनी आपलं स्टीलचं सिंक दिलं, रुचिराने त्यात माती भरून अळू लावला, तर वहिनी तडक खाली आल्या. आमच्या सिंकमधे अळू? त्यात मोगराच लागला पाहिजे, नाहीतर सिंक परत करा. मोगरा लागला. फ्लशच्या टाकीत कढीपत्ता लागला, तो फोफावला, आणि स्नेहांकुरमधल्या एकाही घराने त्याचं एक पान आमटीत घातलं नाही. बेसिनमधे कुणीतरी परस्पर तुळस लावून गेलं, त्यावर ग्रुपवर दोन दिवस रणधुमाळी माजली. बेसिनमधे आपण तोंड धुतो, अशी बाजू एका पक्षाने मांडली. तोंड धुतल्यानेच ते स्वच्छ राहिलंय, असं दुसरा पक्ष म्हणाला. तुळस शेवटी कुकरमधे गेली, आणि शिट्टी काढून ठेवावी यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

राहिलं लाकूड. ते मार्तंडरावांनी स्वतः शोधलं, आणि त्या शोधाचा त्यांना इतका आनंद झाला की रात्री झोपेत ते हसले, असं रेवतीबाई म्हणतात. शेजारची जुनी बिल्डिंग नव्याने बांधायला पाडली जात होती. लोक भाड्याने इकडेतिकडे पांगले होते, आणि ढिगाऱ्याच्या कडेला लाकडाचे ठोकळे रचून ठेवले होते. अस्सल सागवान. जाड, वजनदार, सगळे जवळपास एका मापाचे. मार्तंडरावांनी खिशातली पट्टी काढली, जाडी मोजली, रेषा पाहिल्या, आणि हात फिरवून पाहिला. वरची बाजू मधोमध किंचित खोलगट झाली होती, आणि गुळगुळीत. बसायला याहून चांगलं लाकूड घडवून घेतलं तरी मिळालं नसतं. पाडकामाच्या ठेकेदाराने, न्या हो काका, म्हणून टेम्पोत टाकूनही दिलं.

उंबरठा दाराखाली असला की उंबरठा असतो, ढिगात पडला की ते लाकूड होतं. मार्तंडरावांच्या स्वतःच्या दाराला संगमरवराची पट्टी आहे. शिवाय आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माणसाला वस्तूची लांबी, रुंदी आणि जाडी दिसते. ती आधी कुठे होती हे दिसत नाही. लाकडावर तांबडे-पिवळे डाग होते, ते गंजाचे असणार असं समजून त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढले. एका ठोकळ्याच्या दर्शनी कडेला कोरलेलं कमळ होतं. ते त्यांनी कौतुकाने समोरच्या बाजूला घेतलं. दत्ताराम गवंड्याने जुन्या विटांचे पाय बांधून दिले, ठोकळे वर पक्के बसले, आणि सगळ्यावर निळी ताडपत्री पडली. गॅलरीतून तो कोपरा कडुनिंबामुळे दिसत नसे, आणि रेवतीबाई काही विचारत नसत. कारण नवरा काहीतरी लपवतोय आणि खूश आहे, एवढं त्यांना कळलं होतं.

उद्घाटनाला शनिवारची संध्याकाळ धरली. मार्तंडरावांनी रेवतीबाईंना नुसतं एवढंच सांगितलं की, आज खाली चल, आणि ती निळी साडी नेस. रेवतीबाई काठी घेऊन लिफ्टमधून उतरल्या तेव्हा खाली अर्धी सोसायटी उभी होती. त्यांना पाहून बायकांनी हाका मारल्या, आणि इतक्या दिवसांनी रेवतीबाई हसल्या. भिंतीच्या टोकापर्यंत त्या एका दमात चालत गेल्या. चंद्रप्रकाश नाईकांनी, आपण हे बाक केलं, असं छोटंसं भाषण केलं. ताडपत्री निघाली. मोगऱ्याला नेमकी फुलं आली होती. मार्तंडरावांनी फक्त बाकाकडे हात केला. रेवतीबाईंना सगळं कळलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या बसायला वळल्या.

"थांब गो रेवती," शेवंतीकाकू म्हणाल्या.

शेवंतीकाकू परब तळमजल्यावर राहतात. परबकाका गिरणीत होते तेव्हापासून या भागातली दारं, खिडक्या नि माणसं त्यांच्या नजरेखालून गेलेली. त्या पुढे आल्या, वाकल्या, आणि त्या कोरलेल्या कमळाच्या पाकळीत नख घालून त्यांनी चिमूटभर कुंकू बाहेर काढलं. पॉलिश पेपर तिथपर्यंत पोचला नव्हता.

"ह्यो उंबरो आसा. बाजूच्या पाडलेल्या बिल्डिंगीतल्या चंपाच्या दाराचो. रोज हळद-कुंकू लावी ती. आणि हे बाकीचे पण उंबरेच," त्या म्हणाल्या. मग मार्तंडरावांकडे वळल्या. "नरसिंवान राक्षसाक खंय फाडल्यान, मार्तंडानू? उंबऱ्यार. थंय बसान च्या पितलात?"

उंबरठ्यावर बसू नये, हे तिथल्या प्रत्येकाने लहानपणी पाठीत धपाटा खाऊन शिकलेलं होतं. मार्तंडरावांनीही खाल्लेला होता, आणि तो नेमका आत्ता आठवला. रेवतीबाई अर्ध्या वाकलेल्या होत्या, त्या काठीवर जोर देऊन सरळ झाल्या, आल्या तशा परत गेल्या, आणि लिफ्टचं दार लागलं.

घरी त्या म्हणाल्या की, मी हे सगळं मानते अशातला भाग नाही. पण मी बसले, आणि उद्या सोसायटीत कुणी नुसतं शिंकलं, तरी नाव माझंच येईल. मार्तंडराव म्हणाले, ठीक आहे. दोघंही त्या रात्री न जेवल्यासारखे जेवले.

त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला. उंबरठे उलटे करा, एकाने सुचवलं. उलटा उंबरठा म्हणजे घर उलटं, असं तळमजल्यावरून कळवण्यात आलं. तेलरंग लावा म्हणजे उंबरठा झाकला जाईल. वर गाद्या टाका. मधून करवतीने कापा. पण करवत धरायला सुचवणाऱ्यासकट कुणी तयार होईना. मार्तंडराव गुरुजींकडेही जाऊन आले. गुरुजींनी पोथ्या चाळल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं की, नव्या उंबरठ्याची पूजा आहे, निवृत्त उंबरठ्यासाठी शास्त्रात सोय नाही. मार्तंडराव स्वतः निवृत्त असल्यामुळे त्यांना हे जरा लागलं.

पुढल्या मंगळवारी बाकावर हळद-कुंकू दिसलं. शुक्रवारी झेंडूची माळ. मग कुणीतरी विटांच्या सांध्यात उदबत्ती खोचली. रिक्षावाले तिथून जाताना हॉर्न न वाजवता छातीला हात लावू लागले. परीक्षेच्या दिवसांत एक नारळ आला. ज्या जागी बाक केल्यावर लोक थुंकतील अशी सभेला भीती होती, तिथे आता लोक चपला काढून उभे राहात. सेक्रेटरी नाईक बेहद्द खूश होते. कचरा नाही, रिक्षावाले नाहीत, जोडपी नाहीत. असं बाक प्रत्येक सोसायटीने करावं, असं ते म्हणू लागले.

एका दुपारी रस्त्यावर कुणी नाही असं पाहून मार्तंडराव स्वतः जाऊन त्या बाकावर बसले. खरोखर छान बसता येत होतं. ऊन पानांतून येत होतं, मोगऱ्याचा वास होता, आणि शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. आपण केलेली वस्तू आपण वापरतोय, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, तोच रस्त्यावरून जाणारा एक अनोळखी गृहस्थ थांबला आणि कळवळून म्हणाला, "काका, वयाने मोठे आहात. देवस्थानावर असं बसू नये. निदान चपला तरी काढा." मार्तंडराव उठले. त्यांनी नमस्कारही केला, असं वॉचमन सांगतो. पण वॉचमनचं सगळंच खरं धरू नये.

आणि मग, जे व्हायचं ते झालं. कुणीतरी तक्रार केली. वॉर्ड ऑफिसातून प्रीतम गावडे नावाचा तरुण अधिकारी मोटरसायकलवरून आला, त्याने बाकाचे सगळीकडून फोटो काढले, आणि सांगितलं की ही जागा पालिकेची आहे आणि तिच्यावर बेकायदा धार्मिक बांधकाम झालंय. इतकी वर्षं जिला वाली नव्हता त्या जागेला असा एका क्षणात मालक मिळाला. ते पाहून मार्तंडरावांना क्षणभर बरंच वाटलं. पण उद्या सकाळी गाडी येईल आणि सगळं उचलून नेईल, असं प्रीतम पुढे म्हणाला, तेव्हा त्यांनी बाकाच्या कडेवर हात ठेवला. बाक गेलं तर रेवतीला खाली आणायचं राहून जाईल, आणि पुन्हा नवा नकाशा काढायची उमेद आपल्यात उरणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

बघता बघता सगळी सोसायटी खाली गोळा झाली. आपल्या बाकावर बाहेरचा माणूस हात टाकतोय म्हटल्यावर जे लोक सभेत विरोधात होते तेही हिरिरीने पुढे आले. हे देऊळ नाही, हे बाक आहे, असं नाईकांनी ठणकावून सांगितलं. प्रीतमने त्यांना माळ दाखवली, हळद दाखवली, नारळ दाखवला. मुलगा भला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता.

"काका, ऐका ना," तो म्हणाला. "बाक असेल तर माझं काही म्हणणं नाही. सुशोभीकरण म्हणून लिहून टाकतो. फक्त कुणीतरी त्याच्यावर बसून दाखवा. मी एक फोटो काढतो, विषय संपला."

इतकी सोपी गोष्ट कुठल्याही सरकारी माणसाने कधी मागितली नसेल. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाईकांनी आधी छाती काढली, मग त्यांना एकाएकी आठवलं की डॉक्टरांनी त्यांना बसायला मनाई केली आहे. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. रुचिरा पुढे निघाली होती, पण तिचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिच्या आईने तिचा दंड असा धरला की बोटं उमटली. माधुरीवहिनी म्हणाल्या, आम्ही सिंक दिलंय, आमचं झालं. बाकीच्यांच्या चपलांमधे एकदम खडे गेले आणि ते खाली वाकले. शेवंतीकाकू भिंतीला टेकून, कोण पुढे होतंय ते बघत उभ्या होत्या.

शेवटी मार्तंडराव पुढे झाले, माळ बाजूला केली आणि बसले. घ्या फोटो, ते म्हणाले. प्रीतमने मोबाइल वर केला आणि परत खाली घेतला.

"तुमचं धरता येणार नाही, काका. हे बांधलं तुम्ही, बघता तुम्ही. साहेब म्हणतील पुजारी बसलाय."

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मार्तंडराव हसले नाहीत. ते तसेच बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर पाहात. इतक्या माणसांसमोर आपण फोटोलासुद्धा चालत नाही, असं त्यांना वाटत असावं. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो लपवायची युक्ती त्यांना कधीच जमलेली नाही.

गर्दीच्या मागून काठीचा आवाज आला. रेवतीबाई घरातल्याच साडीत, केसही न विंचरता आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गॅलरीतून कोपरा दिसत नसला तरी माणसं हसलेली ऐकू येतात, आणि कुणाला हसताहेत हे संसार केलेल्या बाईला कळतं. लोकांनी वाट दिली. भिंतीच्या टोकापर्यंत त्या सावकाश, प्रत्येक पाऊल नीट टाकत चालत आल्या आणि बाकासमोर थांबल्या. शेवंतीकाकू पुन्हा काही म्हणणार होत्या, पण रेवतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काकू, उंबरठा होता तेव्हा त्याच्या आत घर होतं," त्या म्हणाल्या. "चंपाचं घर पाडलं. आता या उंबरठ्याच्या आत दुसरं कोण आहे? हा माझा नवराच बसलाय ना एकटा?"

आणि त्या मार्तंडरावांच्या शेजारी बसल्या.

शेवंतीकाकूंनी डोळे मिटून घेतले. गर्दी श्वास धरून उभी राहिली. नरसिंह आला नाही. कढीपत्त्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता, तो उडाला, एवढंच. प्रीतमने फोटो काढला, नवरा-बायको दोघांचा. बाक म्हणून लिहितो, असं म्हणाला, हळद जरा पुसून घ्या म्हणाला, मग स्वतःच रुमालाने थोडी पुसली, आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाईकांनी, आपण जिंकलो, असं जाहीर केलं. मार्तंडराव उठले, त्यांनी अदबीने रेवतीबाईंना हात दिला. रेवतीबाईंनी हात धरला, जोर लावला, आणि परत खाली बसल्या. पुन्हा जोर लावला, पुन्हा बसल्या. मार्तंडरावांनी दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते स्वतःच त्यांच्या अंगावर येता येता वाचले.

"फार बुटकं झालंय हे," रेवतीबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने इतक्या खालून उठता येतं होय? कुणाच्या मापाने केलंत?"

मार्तंडरावांचा चेहरा पांढरा पडला. जाडी त्यांनी मोजली होती, लांबी मोजली होती, कडुनिंबाची सावली कुठे पडते तेही मोजलं होतं. "पुस्तकात जी उंची देतात ती घेतली," ते म्हणाले.

"मी वरच होते ना घरात. एकदा विचारायचं होतंत मला."

बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून महिनाभर ज्यांनी सगळं लपवलं, त्यांनी नेमका जिच्यासाठी हे केलं तिचाच गुडघा कधी मोजला नव्हता. ते ओशाळून तिथेच उभे राहिले. रुचिरा म्हणाली, विटांचा आणखी एक थर द्यावा लागेल. दोघातिघांनी रेवतीबाईंना दोन्ही बाजूंनी धरून उचलायचा बेत केला. वॉचमन धावत खुर्ची आणायला निघाला. एवढ्यात शेवंतीकाकू भिंत सोडून पुढे आल्या. सगळे बाजूला झाले, कारण आता त्या काय म्हणणार, याची सगळ्यांनाच धास्ती होती. काकूंनी वॉचमनला परत बोलावलं आणि घरातून आपला देवपूजेचा पाट आणायला सांगितला. पाट आला. तो त्यांनी बाकावर, रेवतीबाईंच्या शेजारी ठेवला, पदर सावरला, आणि त्यावर मांडी घालून बसल्या.

"मी पाटार बसलंय," त्यांनी सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं सांगितलं. "उंबऱ्यार न्हय. आता सांग गो, चंपा खंय ऱ्हवता आता? फोन बीन येता काय तिचो?"

चंपा बदलापूरला गेली होती, तिथे पाण्याचा त्रास होता, आणि तिच्या सुनेचं नि तिचं पटत नव्हतं. ही हकीकत एका दमात सांगून संपण्यासारखी नव्हती. माधुरीवहिनी मोगऱ्याला पाणी घालायचं निमित्त करून जवळ आल्या आणि सिंकच्या कडेला टेकल्या. आणखी दोघी आल्या. नाईकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग डॉक्टरांची मनाई विसरून तेही एका टोकाला बसले, पण बायकांचं बोलणं ऐकून लगेच उठून गेले.

मार्तंडराव मात्र अजून हात पुढे करून उभेच होते. अगं, निदान एकदा प्रयत्न करू, ते म्हणाले. मी या बाजूने धरतो, तू काठीवर जोर दे.

रेवतीबाईंनी त्यांचा हात धरला, थोडा दाबला आणि सोडून दिला.

"विटांचं उद्या बघू," त्या म्हणाल्या. "तुम्ही वर जा आणि सगळ्यांना चहा टाका. मला आज उठवू नका."